केशवराव रिकामे झाले

हिवरखेडच्या केशवरावांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एका पेटीनं रिकामं केलं. पेटी पांढरी, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, आणि बसवलेली होती त्यांच्याच शेतात, विहिरीजवळच्या लोखंडी खांबावर. आणली कोणी, तर त्यांच्याच लेकीनं. वर्षाली अमरावतीला ज्या कंपनीत नोकरीला होती, ती कंपनी असल्या पेट्या शेतकऱ्यांना बसवून देत असे. दिवाळीच्या सुट्टीत ती दोन माणसं घेऊन आली आणि तीन दिवसांत सगळा कारभार उभा करून गेली.

कारभार असा. मातीत चार ठिकाणी कांड्या रोवलेल्या, त्या ओल सांगणार. खांबावरचा कॅमेरा पानांचा रंग पाहणार. पावसापाण्याचा अंदाज वरून कुठूनतरी येणार. एवढं सगळं पोटात घेतलं की पेटी स्वतःच ठरवणार: वांग्यांना आज इतकं पाणी, मिरचीला इतकं, संत्र्याला आज नको. ठरवून गप्प बसणार नाही. लाइन, म्हणजे वीज, आली की मोटर तीच चालू करणार, तीच बंद करणार, आणि फोनवरून केशवरावांना तसं कळवणार. कळवणार म्हणजे चक्क बोलून. गोड आवाजात, पुस्तकातल्या मराठीत, ‘आपण’ म्हणून. हिवरखेडात केशवरावांना ‘आपण’ म्हणणारं हे पहिलंच कोणी होतं.

गावातली निम्मी माणसं पेटी बघून गेली. कोणी म्हणालं, भारी हाय. कोणी म्हणालं, एक दिवस बंद पडली म्हणजे समजन.  लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं केशवराव लाइनच्या मागं धावले होते. लाइन पहाटे चारला आली तर चारला, सहाला आली तर सहाला. खांद्यावर फावडं, डोक्याला मफलर, आणि चालू पडायचं. मधे ठिबकच्या नळ्या आल्या, पण नळ्यांचे कॉक फिरवायला, तुंबलेली तोंडं मोकळी करायला, कुठं किती वेळ पाणी चाललं ते बघायला माणूस लागतच होता. तो माणूस आता लागत नव्हता.

माणिकबाईंना, म्हणजे केशवरावांच्या बायकोला, त्या पेटीचं तसं काही कौतुक नव्हतं. मेथीच्या जुड्या बांधणारी पेटी कोणी काढली असती तर त्यांनी तिची आरती केली असती. पण एक गोष्ट त्यांच्या मनात आली आणि येऊन बसली. चौतीस वर्षांत नवरा-बायकोनं सकाळचा चहा एकत्र बसून घेतलाच नव्हता. केशवराव जाताना उभ्याउभ्या घोटभर घेत, माणिकबाई नंतर आपल्या आपण. परतून येईस्तोवर उन्हं वर आलेली असत, मग भाजी तोडायची, बाजाराची घाई. भांडण नव्हतं, दुरावाही नव्हता, पण जवळ बसणंही नव्हतं. आणि माणिकबाईंना कित्येक वर्षांपासून एक गोष्ट जाणून घ्यायची होती. पाण्याचं काम नसतं तर हा माणूस आपल्याजवळ बसला असता का? पेटी आली, आता ते कळणार होतं.

पहिले चार दिवस काही कळलं नाही. केशवराव सवयीनं उठत, सवयीनं शेतात जात आणि पेटीसमोर हात मागं बांधून उभे राहत. मोटर आपोआप चालू होई. ते बघत. आपोआप बंद होई. ते बघत. पाचव्या दिवशी त्यांच्या मनात आलं, या कांडीला खरंच ओल समजते का, एकदा बघू. त्यांनी विहिरीतून बादली काढली आणि वांग्यातल्या कांडीच्या बुडाशी ओतली. मिरचीतल्या कांडीलाही एक दिली. फोन लगेच बोलला, ‘आपल्या जमिनीत पुरेसा ओलावा आहे.’ केशवराव खूश झाले. शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी आणखी दोनदा तो खेळ करून दाखवला. पेटीनं त्यांच्यावर विश्वास ठेवून दोन दिवस पाणीच सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी वांग्यांनी माना टाकल्या आणि अमरावतीहून लेकीचा फोन आला.

“बाबा, तुमी कांडीले पाणी पाजलं का?”

“एक बादली फक्त.”

“बाबा, हात जोडले तुमाले. सकायी शेतात जाऊ नका. घरी बसा. आराम करा.”

अशा रीतीनं केशवराव घरी बसले. आता हे वाक्य लिहायला सोपं आहे. माणिकबाईंना विचारा. रिकाम्या माणसाला घरातलं सगळं वाकडं दिसतं. डब्यांची झाकणं सैल का आहेत, सांडशी या खिळ्याला का लटकवत नाही, कणीक एवढी का मळली. एक दिवस तर त्यांनी चुलीपुढचं सगळं जळण लांबीप्रमाणं लावून ठेवलं. माणिकबाईंनी चहा केला, समोर बसल्या, दोघांनी प्यायला. कप खाली ठेवल्यावर केशवराव छताकडं बघू लागले आणि माणिकबाई दाराकडं. दुसऱ्या दिवशीही तेच. चौतीस वर्षं जी गोष्ट मागितली ती पुढ्यात आली, आणि तिचं करायचं काय ते दोघांनाही समजेना.

आणि मग एका सकाळी केशवरावांनी कप हातात धरून, खाकरून, विचारलं, “तुया आवडता रंग कोणता?”

माणिकबाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. “काय?”

“रंग. आवडता.”

“घराले लावाचा हाय का?”

“नाई. तसाच. तुले आवडते तो.”

माणिकबाई घाबरल्याच. चौतीस वर्षांत या माणसानं त्यांना साडीचासुद्धा रंग विचारला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून त्या ‘हिरवा’ म्हणाल्या. केशवरावांनी मान हलवली, “बरं,” म्हणाले, आणि पुढं दोघांनाही काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, लहानपणची एखादी गोड आठवण सांग. तिसऱ्या दिवशी, तुझं एखादं अपुरं स्वप्न हाय का. चौथ्या दिवशी तर कहर झाला. केशवराव एकेक अक्षर जपून उच्चारत म्हणाले, “तुले कोणत्या गोष्टीबद्दल कृतज्ञता वाटते?”

माणिकबाईंनी उठून त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

एवढी मोठी गंमत पोटात ठेवणं कोणत्याही बाईला कठीण, आणि माणिकबाई तर दिवसभर शकुनसोबत मेथीच्या जुड्या बांधत बसायच्या. शकुन म्हणजे शेजारची, हाताला चपळ, तोंडाला त्याहून चपळ. माणिकबाईंनी तिला आवडत्या रंगापासून कृतज्ञतेपर्यंत सगळं सांगितलं, नवऱ्याचा आवाज काढून सांगितलं, आणि दोघी डोळ्यांना पदर लावून हसल्या. संध्याकाळपर्यंत गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी चौकातल्या पानठेल्यावर ओमप्रकाशनं, ज्याचं शेत केशवरावांच्या शेताला लागून आहे आणि ज्याला थट्टेवाचून जेवण पचत नाही त्यानं, चारचौघांत विचारलं, “काका, गव्हाले पाणी देऊ का कृतज्ञता देऊ?”

केशवराव पान न घेता घरी आले. बायकोकडं त्यांनी एकदाच पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर माणिकबाईंनी उत्तर दिलं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं आणि फोन भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला.

त्या दिवसापासून प्रश्न बंद झाले, आणि चहाही. माणिकबाई उठायच्या तर अंथरूण रिकामं, चपला जागेवर, माणूस नाही. नऊ वाजता परत येत ते मोरीत पाय धुऊन. कुठं गेले होते विचारलं तर म्हणत, “पाय मोकये कराले.” आता पाय मोकळे करणारा माणूस अनवाणी का जाईल? आणि मोरीत काळा चिखल का राहील? तोही असातसा नव्हता, घोट्याच्या वरपर्यंत चढलेला, ओला, ताजा. त्यांच्या शेतात तर पेटी आल्यापासून चिखल म्हणून उरला नव्हता, नळीतून थेंब थेंब पाणी पडायचं. रस्त्यावर पाऊस नव्हता, मार्गशीर्ष चालला होता. माणिकबाई रोज मोरीत वाकून तो चिखल बघत. वाईट शंका त्यांना शिवली नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. शिवली, एक दिवस राहिली, आणि या माणसाला आवडता रंग विचारायला एवढा घाम फुटतो तो दुसरीकडं जाऊन काय दिवे लावणार, असं वाटून निघून गेली. कुतूहल मात्र राहिलं. आणि कुतूहलाखाली एक दुखरी जागा होती. उत्तर मिळाल्यासारखंच होतं की. काम नाही, तरी हा माणूस आपल्याजवळ बसत नाही.

शनिवारी वर्षाली आली. परतवाड्यापर्यंत बस, पुढं अकोटपर्यंत दुसरी बस, तिथून जीप, अशी धूळ खात आली आणि आल्याआल्या पेटी बघून आली. पेटी झकास चालू होती. महिन्याभरात निम्मं पाणी वाचलं होतं, मिरची अशी हिरवीगार कधी दिसली नव्हती. “पण बाबा फोनच उघडत नाई काय?” ती म्हणाली. “पेटी रोज निरोप देऊन राह्यली, अकरा दिवसांपासून एकही ऐकला नाई त्याईनं.”

“देवळीत पडला हाय,” माणिकबाई म्हणाल्या. “पाह्य बरं, बिघडला का.”

वर्षालीनं फोन चार्जिंगला लावला, उघडला आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला.

“काय झालं?”

“काही नाई. बाबा त्या सल्ला देणाऱ्याशी बोलत होते. पाण्याचं सोडून दुसरंच.”

“पेटीशी?”

“पेटीशीच समज. आपण बोललो का ते लिहून घेते, अन उत्तर देते. सगळं साठून राहते.” वर्षालीनं फोन उपडा ठेवला. “आई, हे बाबाचं हाय. आपण नाई वाचाव.”

लेक शिकलेली, तिचं खरंच होतं. पण माणिकबाईंच्या मोरीत अकरा दिवसांचा चिखल होता. “वाच,” त्या म्हणाल्या.

वर्षालीनं हळू आवाजात वाचायला घेतलं. पहिला प्रश्न पेटी बसल्यानंतर आठव्या दिवसाचा. ‘मोटर आपोआप चालते. मी सकायी काय करू?’ त्याला उत्तर होतं: फिरायला जावं, वाचन करावं, एखादा छंद जोपासावा. बागकाम हा उत्तम छंद आहे, मातीत हात घातल्यानं मन शांत होतं. यावर केशवरावांनी विचारलं होतं, ‘बाग हायच. तूच पाहून राह्यला ना तिच्याकडं.’ पेटीनं क्षमा मागितली होती.

माणिकबाई फिसकन हसल्या. वर्षालीही हसली. मग पुढचं आलं.

‘घरवालीसंगं चहा पेतो. बोलाव काय समजत नाई. चौतीस वर्सं झाले लग्नाले.’

पेटीनं दहा विषय काढून दिले होते. पहिला, आवडता रंग. दुसरा, बालपणीची गोड आठवण. तिसरा, अपूर्ण स्वप्न. चौथा, कृतज्ञता. वर्षाली एकेक वाचत होती आणि माणिकबाईंचं हसू कुठल्या कुठं गेलं. प्रत्येक विषयाखाली केशवरावांनी रोजचा निकाल कळवला होता. ‘हिरवा म्हणे. पुढं काय बोलू ते तू सांगतलंच नाई.’ ‘आठवण नाई सांगतली. कामात होती.’ ‘कृतज्ञता म्हणजे काय ते मलेच नीट समजलं नाई, पण इचारलं.’ मग एक दिवस कोरा. मग, ‘तिनं लोकायले सांगतलं. लोक हासले.’

“थांब,” माणिकबाई म्हणाल्या.

“एकच राह्यलं आई.”

“मंग वाच.”

‘पाण्याकडं पाह्यलं जन्मभर. तिच्याकडं पाह्यलंच नाई. आता मी तिच्याजवळ बसलेलो तिले आवडते का नाई, हे कसं समजाव?’

पेटीनं उत्तर एका ओळीत दिलं होतं. ‘हे मला सांगता येणार नाही, आपण त्यांनाच विचारावं.’ त्यापुढं काही नव्हतं. अकरा दिवसांत एक शब्द नाही.

वर्षालीनं फोन बंद केला आणि आईकडं न बघता म्हणाली, “मले वाटलं होतं, बाबाले आराम होईन.”  माणिकबाईंना स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेच्या आतून आनंदही होत होता, आणि आनंद होतोय याची परत लाज. हा माणूस आपल्याजवळ बसायला शिकत होता. पाटी-पेन्सिल घेऊन बसावं तसा शिकत होता, आणि आपण त्याची नक्कल केली. त्या उठून परसात गेल्या.

दुसऱ्या दिवशी केशवराव बाहेर पडले तेव्हा त्या जाग्या होत्या. चहा केला, किटलीत भरला, दोन कप पिशवीत टाकले आणि सूर्य वर येता येता शेताच्या वाटेला लागल्या. थंडी चांगलीच होती. आपल्या शेतात कोणीच नव्हतं, पेटीचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता. पलीकडं ओमप्रकाशच्या गव्हात मात्र पाणी चालू होतं. ओमप्रकाशकडं नळ्या नाहीत की पेटी नाही. विहिरीचं पाणी मातीच्या दांडातून वाहत येतं, फावड्यानं दांड फोडून एका वाफ्यात घ्यायचं, वाफा भरला की माती लावून पुढच्यात. आणि हे सगळं करत, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून, चिखलात उभे होते केशवराव. ओमप्रकाश लांब विहिरीपाशी गोणपाटावर बसून मोबाइल बघत होता. फुकटचा गडी मिळाल्यावर माणूस आणखी काय करणार?

माणिकबाई धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, जाऊन उभ्या राहिल्या.

“घरी पाणी आपोआप चालू हाय,” त्या म्हणाल्या, “अन तुमी लोकायच्या वावरात ओलीत करून राह्यले?”

केशवरावांनी दचकून वर पाहिलं. पकडले गेलेल्या माणसाचा चेहरा झाला त्यांचा. “त्याचा हात दुखत होता.”

“बारा दिवसांपासून?”

केशवरावांनी फावडं मातीत रोवलं. खोटं त्यांना कधीच जमलं नव्हतं. “मले बसता येत नाई वं,” ते म्हणाले. “बसलो का असं वाटते, आपण मेलो अन घरच्यायनं आपल्याले भितीले टेकवून ठेवलं. अठी आलो का बरं वाटते. याले मी लागतो.” त्यांनी दांडातल्या पाण्याकडं बोट केलं.

“मले नाई लागत?”

याचं उत्तर पेटीच्या दहा विषयांत नव्हतं. 

माणिकबाई धुऱ्यावर बसल्या. किटली बाजूला ठेवली. “वर्षालीनं तो फोन वाचला,” त्या म्हणाल्या. “मीच वाचाले लावला. अन त्या दिवशी मी हासली, ते चुकलं माह्यं. तुमी इचारत होते अन मी हासली.”

केशवरावांचे कान लाल झाले. त्यांनी खाली बघून उगीचच दांडाची एक कड नीट केली. मग मागं न बघता पाठमोरेच चार पावलं गेले, फावड्यानं मातीचा एक लपका उचलला आणि पाठीमागच्या वाफ्याचं तोंड बंद केलं. वाफा काठोकाठ भरला होता, एक थेंब बाहेर नव्हता. माणिकबाईंनी ते पाहिलं. इतकी वर्षं या माणसाची बायको होऊन, त्यांनी त्याला पाणी देताना असं जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

“हे कसं समजते तुमाले?” त्यांनी विचारलं. बोलायचं म्हणून नव्हे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “पाठ होती तुमची तिकडं.”

“काय?”

“वाफा भरला हे.”

केशवरावांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. थट्टा आहे का, हे बघितलं असावं. नव्हती. “आवाजावरून,” ते म्हणाले. “कोरड्या मातीत पाणी शिरते तवा चुरचुर करते. भेगाईतून हवा निंघते ना, ती. आर्धा वाफा झाला का चुरचुर कमी. भरत आला का काहीच नाई, चूप. तो चूप झाला का मले समजते. अन पायालेही समजते. भरलेल्या वाफ्याकडची माती थंडी लागते.” बोलता बोलता ते धुऱ्यावर, माणिकबाईंपासून हातभर अंतरावर, येऊन बसले. “अंधारातही समजे. बॅटरी तर मी सापासाठी नेत होतो.”

माणिकबाईंनी कप भरले. केशवराव पाण्याबद्दल बोलत राहिले. कोणत्या मातीत ते कसं पळतं, कपाशीच्या पऱ्हाटीत आवाज वेगळा अन कांद्यात वेगळा, मोठी विहीर आटली त्या साली ते कसं खालच्या आवाजात यायचं. एवढं सलग बोलताना माणिकबाईंनी त्यांना लग्नाच्या आधी नाही, नंतर नाही, कधीच ऐकलं नव्हतं. ऐकता ऐकता त्यांना वाटलं, या माणसाजवळ एवढं होतं, आणि आपण कधी विचारलं नाही. दोष एकट्या पाण्याचा नव्हता.

केशवराव मधेच थांबले. कप दोन्ही हातांत धरून त्यांनी बायकोकडं पाहिलं. “मी निंघून गेल्यावर,” त्यांनी विचारलं, “तू काय करे वं? इतके वर्सं. उन्ह निंघेपर्यंत.”

माणिकबाईंच्या तोंडात ‘काम’ हा शब्द आला होता. तो त्यांनी गिळला. हे त्यांना कोणी म्हणजे कोणीच विचारलं नव्हतं, आणि खरं उत्तर त्यांनी स्वतःलाही कधी मोठ्यानं सांगितलं नव्हतं.

“हासान तुमी.”

“मी काहून हासू?”

“मी माळवदावर जात होती,” त्या म्हणाल्या. “चहाचा कप घेऊन. वरतून सातपुडा दिसते ना, काया काया. त्या डोंगरात एक दिवा लागे. एकच. तुमी गेले का थोड्या वेळानं लागे, अन उजेड झाला का विझे. मले वाटे, तठीही कोणी बाई हाय. तिचाही नवरा कोठी गेला असन. मी तिच्याशी बोलत होती.”

“काय बोले?”

“सगळं. वर्षाली आजारी पडली ते. सासूबाई गेल्या ते. तुमी रागावले का तेही. नाव ठेवलं होतं मी तिचं, जयवंता.” माणिकबाईंना एकाएकी भरून आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. “तुमी त्या पेटीशी बोलले त्याले मी हासली. अन मी सव्वीस वर्सं एका दिव्याशी बोलली. तो तर उत्तरही देत नव्हता.”

केशवराव हसले नाहीत. कप खाली ठेवायचंही विसरून ते ऐकत होते.

“मंग?”

“मंग काय. दोन वर्सं झाले, लागत नाई. एक दिवस लागला नाई, मंग लागलाच नाई. मेली का गाव सोडून गेली, का तिच्याही घरी काही पेटी आली, मले काय मालूम. मी किती दिवस रोज वर जाऊन पाह्यलं. कोणाले सांगू? सांगाले काही होतंच नाई. एक दिवा विझला, बस. पण मले असं वाटलं का आपलं माणूस गेलं.”

पुढचा वाफाही भरून चूप झाला, दांडातलं पाणी त्याला येऊन टेकलं, काठावर चढलं, मातीच्या कडेवरून पसरलं आणि आवाज न करता पलीकडच्या कोरड्या वाटेवर उतरलं. तिथून ते धुऱ्याच्या बुडाशी आलं, केशवरावांच्या पायांना लागलं, आणि माणिकबाईंच्या चपला हलवून पुढं निघालं. विहिरीपाशी ओमप्रकाश मोबाइल टाकून उठला आणि दोन्ही हात वर करून ओरडू लागला, “काका! ओ काका! पाणी फुटलं! काय करून राह्यले? सगळं रस्त्यानं चाललं!”

“पाणी फुटलं म्हणते तो,” माणिकबाई म्हणाल्या.

केशवरावांनी मागं पाहिलं नाही. त्यांचं तोंड उत्तरेला, डोंगराकडं होतं, आणि डोळे बारीक करून ते तिथं काहीतरी शोधत होते.

“कोणत्या अंगाले लागे तो दिवा?” त्यांनी विचारलं. “मले बोट करून दाखव. आज तठीच जाऊ आपण.”